ज्या घरातले मूल मारले गेले, त्या घराविषयी: नागपूरच्या माध्यमांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातील वृत्तपत्रांचे संपादक, वृत्तवाहिन्यांचे गुन्हेवार्ताहर आणि गुन्ह्यांच्या हकिगती सांगणाऱ्या यूट्यूब वाहिन्यांचे चालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरच्या जिल्हा व सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करते. खुनाच्या खटल्यांत मी आरोपींच्या बाजूने उभी राहिले आहे, तसेच मृतांच्या नातेवाइकांच्या वतीने सरकारी वकिलांना साहाय्यही केले आहे. त्यामुळे संशय आणि पुरावा यांच्यातले अंतर हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. हे पत्र कोणा एका वार्ताहराविरुद्ध किंवा एका बातमीविरुद्ध नाही. लहान मुलाचा खून होतो, मारेकरी सापडत नाही आणि मग त्या मुलाच्या आई-वडिलांकडे, भावंडांकडे, काका-मामांकडे बोट वळते. त्या वेळी आपण काय छापता आणि काय दाखवता, याविषयी मला आपल्याशी सविस्तर बोलायचे आहे.

अमेरिकेतील जॉनबेने रॅम्सी या मुलीच्या खुनाची हकिगत अलीकडे मराठीतही वारंवार सांगितली जाते. ती सांगताना आई, वडील आणि भाऊ असे तीन चेहरे शेजारी लावून प्रेक्षकांना ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारण्याची पद्धत पडली आहे. या पत्रात मी भारतातील कोणत्याही मृत मुलाचे नाव लिहिणार नाही, त्याचे कारण पुढे येईलच. जॉनबेनेचे नाव मात्र गेली जवळजवळ तीस वर्षे जगभर छापले जात आहे आणि ते टाळून काही साधणार नाही. तिचे प्रकरण आपण मन लावून वाचावे अशी माझी विनंती आहे, कारण घरच्यांवरचा संशय तपासाचे काय करून टाकतो हे तिथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

कोलोरॅडो राज्यातील बोल्डर शहरात २६ डिसेंबर १९९६ च्या पहाटे, सहाला काही मिनिटे कमी असताना, पॅट्सी रॅम्सी यांनी पोलिसांना फोन केला. त्यांची सहा वर्षांची मुलगी घरातून नाहीशी झाली होती आणि जिन्यावर खंडणीची चिठ्ठी सापडली होती. चिठ्ठी अडीच पानांची होती, तीत १,१८,००० डॉलर मागितले होते, आणि ती त्याच घरातल्या कागदावर त्याच घरातल्या पेनाने लिहिलेली असल्याचे पुढे निष्पन्न झाले. पोलीस आले, परंतु त्यांनी मुलीची खोली तेवढी बंद केली आणि बाकीचे घर मोकळे ठेवले. शेजारी आले, कुटुंबाचे मित्र आले, धर्मगुरू आले. सगळे घरभर वावरले, स्वयंपाकघराचे ओटे पुसले गेले. दुपारी एकच्या सुमारास तिथे तपास अधिकारी म्हणून एकच महिला उरली होती. तिने वडिलांना आणि त्यांच्या एका मित्राला घर पुन्हा एकदा पाहून घ्यायला सांगितले. वडील तळघरात गेले, एका खोलीत त्यांना मुलीचा मृतदेह सापडला, आणि ते तिला उचलून वर घेऊन आले. गळा आवळल्याने आणि डोक्याला जबर मार बसल्याने तिचा मृत्यू झाला होता.

या एका सकाळीत किती पुरावा गेला याचा विचार करा. मृतदेह जिथे होता तिथून हलला, ज्याच्यावर पुढे संशय आला त्याच्याच हातांनी हलला, आणि त्यानंतर मृतदेहावर मिळालेला वडिलांच्या कपड्यांचा कोणताही धागा काही सिद्ध करण्याच्या उपयोगाचा राहिला नाही. आज आपल्या पोलिसांकडून असे झाले असते तर सत्र न्यायालयात उलटतपासणीत तपास अधिकाऱ्याला घाम फुटला असता. घरच्यांनीच खून केला असे मानणाऱ्यांनी आणि बाहेरचा कोणी शिरला असे मानणाऱ्यांनी पुढे शेकडो पाने लिहिली, पण त्या सर्वांच्या मुळाशी ही न सांभाळलेली सकाळ आहे. ती सकाळ पोलिसांची होती. त्याचा हिशेब मात्र मुलीच्या घरच्यांकडून मागितला गेला.

घरच्यांवर संशय येण्याला कारणे होती, हे मी नाकारत नाही. खंडणीची चिठ्ठी घरातल्या कागदावर लिहिलेली, गळा आवळण्यासाठी वापरलेली काठी आईच्याच रंगकामाच्या कुंचल्याचा दांडा, आणि मागितलेली रक्कम वडिलांना त्या वर्षी मिळालेल्या बोनसच्या जवळपास. कोणत्याही जबाबदार पोलीस अधिकाऱ्याने या गोष्टींकडे पाहिलेच पाहिजे. हस्ताक्षरतज्ज्ञांनी वडिलांना वगळले. आईला पूर्णपणे वगळता आले नाही, पण तिनेच ती लिहिली असेही ठामपणे म्हणता आले नाही. पोलीस आणि कुटुंब यांच्यात अटींवरून ओढाताण झाली आणि आई-वडिलांची औपचारिक चौकशी व्हायला ३० एप्रिल १९९७ उजाडला. तोवर चार महिने उलटले होते आणि वृत्तवाहिन्यांवरचा खटला पुरा चालून गेला होता.

त्या खटल्यात पुरावा म्हणून काय वापरले गेले, तेही पाहा. मुलगी लहान मुलांच्या सौंदर्यस्पर्धांत भाग घेत असे आणि आई स्वतः १९७७ ची ‘मिस वेस्ट व्हर्जिनिया’ होती. नटवलेल्या मुलीच्या त्या चित्रफिती वर्षानुवर्षे पडद्यावर फिरत राहिल्या. मुलीला असे नटवणारी आई कशी असेल, असा प्रश्न विचारला गेला आणि त्या प्रश्नातच उत्तर पेरलेले होते. सौंदर्यस्पर्धांबद्दल आपले मत काहीही असो, माझेही फारसे चांगले नाही, पण त्या मताचा गळ्यातल्या दोरीशी काय संबंध? हा बादरायण संबंध जोडण्याचे काम कोणत्याही न्यायालयाने केले नाही, ते पडद्यावर झाले. त्याच काळात एक गोष्ट पसरली की त्या सकाळी घराभोवतीच्या बर्फावर कोणाच्याही पावलांचे ठसे नव्हते, म्हणजे बाहेरून कोणी आलेच नव्हते. ऐकायला ही गोष्ट निर्विवाद वाटते. परंतु घराकडे जाणाऱ्या वाटांवर त्या दिवशी बर्फच नव्हता हे पुढे उघड झाले, आणि २००३ मध्ये जॉर्जिया राज्यातील एका संघीय न्यायाधीशांनी आईविरुद्धच्या दिवाणी दाव्यात निकाल देताना या बाबीचीही दखल घेतली. समोर आलेला पुरावा आईने खून केल्याच्या कल्पनेपेक्षा बाहेरच्या माणसाने केल्याच्या कल्पनेशी अधिक जुळतो, असे त्यांनी नमूद केले. ठशांची बातमी ज्यांनी ऐकली त्यांतल्या किती जणांपर्यंत हा निकाल पोहोचला असेल?

पुढचे थोडक्यात सांगते. सप्टेंबर १९९८ पासून, आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणारी नागरिकांची ग्रँड ज्युरी बसली. ऑक्टोबर १९९९ मध्ये जिल्हा अभियोक्ता ॲलेक्स हंटर यांनी, आरोप ठेवण्याइतका पुरावा नाही, असे जाहीर केले. वस्तुतः ज्युरीने आई-वडिलांवर आरोप ठेवण्याच्या बाजूने मत दिले होते, खुनाचा नव्हे तर मुलीला धोक्यात राहू दिल्याचा आणि गुन्हेगाराला साहाय्य केल्याचा. पण वाजवी शंकेपलीकडे ते सिद्ध करता येणार नाही म्हणून हंटर यांनी आरोपपत्रावर सही केली नाही. ती कागदपत्रे ऑक्टोबर २०१३ मध्ये खुली झाली. सही नाकारणे मला योग्य वाटते. ज्युरीचे मत चौदा वर्षे झाकून ठेवणे तितकेसे योग्य वाटत नाही. मधल्या काळात, जून २००६ मध्ये, आई कर्करोगाने वारली. त्याच ऑगस्टमध्ये बँकॉकमध्ये एकाने गुन्ह्याची कबुली दिली, जगभर मथळे झळकले आणि डीएनए जुळला नाही म्हणून काही दिवसांतच त्याच्यावरचा आरोप मागे घेतला गेला. जुलै २००८ मध्ये तत्कालीन जिल्हा अभियोक्त्या मेरी लेसी यांनी, मुलीच्या कपड्यांवर सापडलेल्या अनोळखी पुरुषाच्या डीएनएच्या आधारे, कुटुंबाला लेखी पत्राने संशयमुक्त केले आणि क्षमा मागितली. ते पत्रही शेवटचा शब्द ठरले नाही, कारण त्या डीएनए नमुन्यांचा अर्थ काय लावायचा यावर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. मारेकरी आजतागायत सापडलेला नाही.

आणि तो भाऊ. खुनाच्या रात्री तो नऊ वर्षांचा होता. १९९९ मध्येच अधिकाऱ्यांनी तो संशयित नसल्याचे सांगितले होते. तरीही २०१६ मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेने त्याच्याकडे बोट दाखवले, त्याने ७५ कोटी डॉलरचा बदनामीचा दावा लावला, आणि २०१९ मध्ये तो दावा तडजोडीने मिटला. नऊ वर्षांच्या मुलाने बहीण गमावली आणि मोठा झाल्यावर तिचा मारेकरी म्हणून जगासमोर उभा केला गेला, याहून क्रूर काही मला सुचत नाही. आपल्या वाहिन्यांवर जेव्हा तोच तिसरा चेहरा प्रश्नचिन्हासह लावला जातो, तेव्हा आपण एका जिवंत माणसाविषयी बोलत आहोत याचे भान ठेवावे.

हे सगळे दूरच्या देशातले आहे असे वाटत असेल, तर १६ मे २००८ रोजी नोएडात काय घडले ते आठवा. चौदा वर्षे पूर्ण व्हायला आठवडाभर उरलेली मुलगी स्वतःच्या खोलीत मृतावस्थेत सापडली. घरगडी जागेवर नव्हता, म्हणून तोच खुनी असे पहिल्याच दिवशी ठरले. त्याला शोधायला पोलीस पथके निघाली आणि वाहिन्यांनी त्याचा फोटो दाखवला. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर सापडला. गच्चीच्या दाराचे कुलूप पहिल्या दिवशी कोणी उघडलेच नव्हते. ज्या माणसाला देशभर खुनी म्हटले गेले तो त्या वेळी मरून पडला होता. त्याच्या बायको-मुलांची क्षमा कोणत्या वाहिनीने मागितली, याची मी पुष्कळ वाट पाहिली आहे.

मग बोट वडिलांकडे वळले. २३ मे रोजी एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने पत्रकार परिषद घेऊन बापानेच खून केल्याचे सांगितले. त्या परिषदेत मृत मुलीचे नावही चुकीचे घेतले गेले, आणि मुलीच्या व वडिलांच्या चारित्र्यावर चिखल उडवला गेला. प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. विभागाच्या पहिल्या पथकाने वेगळ्याच तीन तरुणांवर संशय घेतला. डिसेंबर २०१० मध्ये विभागाने पुरेसा पुरावा नसल्याचा अहवाल दिला, दंडाधिकाऱ्यांनी तो नाकारून आई-वडिलांनाच आरोपी म्हणून बोलावले, नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांना जन्मठेप झाली, आणि १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. जवळजवळ चार वर्षे ती दोघे तुरुंगात होती. खून कोणी केला, हा प्रश्न आजही तिथेच आहे. निर्दोष सुटकेनंतरही आपल्याकडे ‘पण केला त्यांनीच’ असे सहज म्हटले जाते. धरमपेठेतल्या दिवाणखान्यात म्हटले जाते आणि चौकातल्या पानठेल्यावरही म्हटले जाते. पाचामुखी परमेश्वर ही म्हण गावकीच्या निवाड्यात चालत असेल, पण पाच मुखांनी ऐकलेली बातमी एकाच पत्रकार परिषदेतून आलेली असेल तर ती पाच मते नसतात, एकच मत पाच वेळा असते.

आईच्या बाबतीत आपण विशेष निष्ठुर होतो. ऑस्ट्रेलियात १७ ऑगस्ट १९८० रोजी उलुरूजवळच्या तंबूतून नऊ आठवड्यांची अझारिया चेंबरलेन नाहीशी झाली. रानकुत्र्याने, म्हणजे डिंगोने, बाळ उचलून नेल्याचे आई लिंडी सांगत होती. ती दूरचित्रवाणीवर पुरेशी रडली नाही, एवढ्यावरून लोकांनी तिला खुनी ठरवले. मोटारीत सापडलेले डाग तान्ह्या बाळाच्या रक्ताचे असल्याचे तज्ज्ञांनी न्यायालयात सांगितले आणि १९८२ मध्ये तिला जन्मठेप झाली. १९८६ मध्ये बाळाचे झबले डिंगोंच्या वावराच्या भागात सापडले. ज्याला रक्त म्हटले गेले होते त्यातला बराचसा भाग मोटार बनवताना आवाज दाबण्यासाठी फवारलेल्या रसायनाचा असल्याचे निघाले, १९८८ मध्ये दोषसिद्धी रद्द झाली आणि २०१२ मध्ये मृत्यूच्या दाखल्यावर डिंगोचे कारण नोंदले गेले. बत्तीस वर्षे लागली. मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या शवविच्छेदनगृहाबाहेर ज्यांनी कधी वेळ काढला आहे त्यांना ठाऊक आहे की दुःखाचा एक ठरलेला चेहरा नसतो. कोणी आई ऊर बडवते, कोणी तासन्‌तास भिंतीकडे पाहते, कोणी मुलाचे दप्तर कुठे आहे एवढेच विचारत राहते. त्यांतल्या एकीचा दहा सेकंदांचा तुकडा कापून ‘आईच्या डोळ्यांत पाणी का नाही?’ असे शीर्षक देणे हे वार्तांकन नव्हे.

आणि संशय मोकळा सुटला की तो पुन्हा माणसे मारतो. फ्रान्समधील व्होज प्रांतात १६ ऑक्टोबर १९८४ रोजी चार वर्षांच्या ग्रेगरी व्हिल्मँ याचा हातपाय बांधलेला मृतदेह नदीत सापडला. प्रथम वडिलांच्या चुलतभावावर आरोप ठेवण्यात आला, नंतर त्याची सुटका झाली. पण गावात आणि वृत्तपत्रांत त्याचा निवाडा होऊन गेला होता. मार्च १९८५ मध्ये मुलाच्या वडिलांनीच त्याला गोळी घालून मारले. त्यानंतर काही महिन्यांतच मुलाच्या आईवर खुनाचा आरोप ठेवला गेला, आणि तिच्याविरुद्ध काहीच पुरावा नाही असे न्यायालयाने म्हणायला १९९३ उजाडला. तेही प्रकरण अद्याप उलगडलेले नाही. एका मुलाचा खून, त्यातून दुसरा खून, एका बापाला तुरुंगवास आणि एका आईची आठ वर्षे. एवढे होऊनही मूळ मारेकऱ्याला धक्का लागलेला नाही.

आपण म्हणाल की घरच्यांवर संशय घेणे चूक कसे? मी तसे म्हणतच नाही. लहान मुलाच्या खुनात आरोपी अनेकदा घरातला किंवा घराच्या ओळखीतला निघतो, हे वकील म्हणून मी जाणते. मुलाला शेवटचे पाहणारी, घराच्या किल्ल्या असलेली, मुलाचा विश्वास असलेली माणसे पोलिसांनी आधी तपासायची असतात, प्रत्येकाचे जबाब वेगवेगळे घ्यायचे असतात, आणि त्यांना ते अपमानास्पद वाटले तरी घ्यायचे असतात. माझे म्हणणे एवढेच आहे की हा संशय तपासाच्या डायरीत राहायला हवा. डायरीतला संशय पुरावा मिळाला नाही तर मागे घेता येतो. पडद्यावर गेलेला संशय कोणालाच मागे घेता येत नाही, पोलिसांनाही नाही, कारण जाहीर केलेले मत खोडून काढणारा धागा हाती आला तरी तो नकोसा वाटू लागतो. २०१७ च्या सप्टेंबरात गुरुग्राममधील एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला, तेव्हा पोलिसांनी तत्काळ एका बसवाहकाला पकडले, त्याची ‘कबुली’ वाहिन्यांवर दाखवली गेली, आणि पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाला त्याच्याविरुद्ध काहीही सापडले नाही. तपास त्याच शाळेतल्या एका मोठ्या विद्यार्थ्याकडे वळला. त्या बसवाहकावर पहिल्याच दिवशी समाधान मानले असते तर?

आपल्याच शहराचे उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१४ मध्ये पूर्व नागपुरातून आठ वर्षांच्या मुलाचे अपहरण करून खून झाला. मारेकरी घरातले नव्हते, पण घराला परके असेही नव्हते. त्यांतला एक मुलाच्या वडिलांच्या दवाखान्यात कामाला राहिलेला होता. दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. ती टिकली कारण पुरावा जमवला गेला होता. त्या दिवसांत शहरात जो संताप होता तो मला आठवतो, आणि तो संताप त्या आई-वडिलांकडे वळला असता तर काय झाले असते, या कल्पनेनेही अंगावर काटा येतो.

आता कायद्याबद्दल. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्ह्याला बळी पडलेल्या, साक्षीदार असलेल्या किंवा विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे स्वतःवरच गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत पॉक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते, आणि बळी पडलेली व्यक्ती मृत असली तरी तिची ओळख जपली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणूनच मी वर नावे लिहिली नाहीत. मृत मुलाच्या नऊ वर्षांच्या भावाला दारात गाठून ‘रात्री आई-बाबा भांडले होते का?’ असे विचारून त्याचा चेहरा दाखवणारा कॅमेरा कलम ७४ सरळसरळ मोडतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा नसते. पूर्वीच्या पुरावा कायद्यातले कलम २५ आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ म्हणून आहे. संमतीशिवाय केलेली नार्को चाचणी घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये सांगितले, तेव्हा ‘आई नार्कोला का तयार नाही?’ हा मथळा म्हणजे एका नागरिकाने आपला घटनादत्त हक्क वापरल्याबद्दल तिला दोषी ठरवणे आहे. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये शरद बिर्धीचंद सारडा या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात पुन्हा ठळकपणे मांडले, आणि तेव्हापासून परिस्थितिजन्य पुराव्याच्या प्रत्येक खटल्यात आम्ही वकील ते वाचून दाखवतो. शिवाय १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांनी चालवलेल्या खटल्यांविषयी सविस्तर निर्णय दिला. तपास चालू असताना संशयिताला दोषी ठरवणे, कथित कबुलीजबाब पुरावा असल्यासारखे प्रसिद्ध करणे, घटनेचे नाट्यरूपांतर करणे, साक्षीदारांना मुलाखतीसाठी गाठणे, या सर्वांबाबत त्यात स्पष्ट बजावणी आहे. त्याच न्यायालयाचे खंडपीठ आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे.

घरात घडलेल्या मृत्यूबाबत एक कायदेशीर मुद्दा हमखास चुकीचा सांगितला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबते. ‘घरात तेच होते, मग काय घडले ते त्यांनीच सिद्ध करावे’ असे म्हटले जाते आणि साक्ष अधिनियमाच्या कलम १०९ चा, म्हणजे जुन्या कलम १०६ चा, हवाला दिला जातो. एखादी गोष्ट केवळ आपल्यालाच माहीत असेल तर तिचा खुलासा करण्याची जबाबदारी त्या कलमाने येते, हे खरे. परंतु अभियोग पक्षाने आधी आपला पाया उभा करावा लागतो. तो उभा केल्याशिवाय हे कलम आरोपीच्या गळ्यात घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्येच सांगून ठेवले आहे. झोपेत असलेल्या आईला त्या रात्रीविषयी काहीच सांगता न येणे हा तिचा गुन्हा होऊ शकत नाही.

तर मग आपण काय करावे? मी गप्प राहा असे सांगत नाही. उलट, मुलाचा खून झाल्यावर पहिल्या चोवीस तासांत विचारायचे प्रश्न फार महत्त्वाचे असतात आणि ते आपणच विचारू शकता, फक्त ते पोलिसांना विचारा. घटनास्थळ किती वाजता बंद केले? त्याआधी आत कोण कोण गेले, आणि त्यांची नोंद आहे का? मरणोत्तर पंचनाम्याच्या वेळी मृतदेह मूळ जागी होता का? सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आणि तिथले चित्रीकरण होणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये नमूद आहे; या प्रकरणी तज्ज्ञ आला होता का? गच्ची, पाण्याची टाकी, जिन्याखालची जागा, शेजारचा रिकामा प्लॉट तपासला का? मुद्देमाल नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोहोचला आणि अहवाल कधी आला? बोल्डरमध्ये आणि नोएडात हे प्रश्न पहिल्या दिवशी कोणी ठणकावून विचारले असते, तर तळघराचे दार पहाटेच उघडले असते आणि गच्चीचे कुलूपही.

पोलीस अधिकाऱ्यांनी नाव न छापण्याच्या अटीवर ‘घरचेच दिसतात’ असे सांगितले, तर ते छापू नका. ज्या माहितीखाली सही करायला अधिकारी तयार नाही, तिच्या आधारे आपण एका आईचे नाव छापता, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दारावर दगड पडले तर त्या अधिकाऱ्याचे नाव कोणालाच कळत नाही. न्यायालयात रिमांडच्या वेळी जे सांगितले गेले ते जरूर छापा, आणि बचाव पक्षाने काय सांगितले तेही त्याच बातमीत छापा.

यूट्यूबवर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांना विशेष विनंती. न उलगडलेल्या खुनाची हकिगत सांगायला हरकत नाही. पण ती न उलगडलेलीच सांगा. शेवटी मतदान घेऊ नका. मृत मुलाचा फोटो, त्यातही शाळेच्या गणवेशातला, दर्शनी चित्र म्हणून वापरू नका. जुन्या चित्रफितींत ज्यांना आपण संशयित म्हणून दाखवले आणि पुढे जे सुटले, त्या चित्रफिती काढून टाका किंवा निकालाची माहिती सुरुवातीलाच, बोलून सांगा. खाली वर्णनात बारीक अक्षरांत टाकलेली दुरुस्ती कोणी वाचत नाही.

आणि एक काम आहे जे आपल्याशिवाय कोणी करणार नाही. गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही, असे म्हणून पोलीस जेव्हा ‘अ समरी’ मागतात आणि न्यायालय ती मंजूर करते, तेव्हा फाइल कपाटात जाते. कायद्याने ती मेलेली नसते. खुनाच्या गुन्ह्याला मुदतीचा अडसर नाही आणि नवा पुरावा मिळाला तर तपास पुन्हा सुरू होऊ शकतो. जपून ठेवलेल्या कपड्यांवरचा डीएनए नव्या पद्धतीने तपासता येतो. बोल्डरमधील त्या मुलीचे वडील आजही नेमकी हीच मागणी करत आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(३) प्रमाणे तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताच्या कुटुंबाला कळवणे बंधनकारक आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने नागपूर शहर आणि जिल्ह्यातील मुलांच्या खुनाच्या अशा ‘अ समरी’ झालेल्या प्रकरणांची यादी माहितीच्या अधिकारात मागावी, त्यातला मुद्देमाल अजून सुरक्षित आहे की नष्ट केला गेला हे विचारावे, आणि मुलांची ओळख न देता ती उत्तरे छापावीत. अर्जाचा मसुदा करून द्यायला, आणि माहिती नाकारली तर अपील लिहायला, मी विनामूल्य तयार आहे. आमच्या वकील संघातल्या इतरांनाही मी तसे विचारणार आहे.

आपली विश्वासू,
फौजदारी वकिली करणारी एक नागपूरकर
जिल्हा व सत्र न्यायालय, सिव्हिल लाइन्स, नागपूर